कोंडवाडा

वेसेली, टेक्सास
३ मार्च १९५६

दाजीसाहेब,

शेवटी कॉलेजात शिरलास म्हणायचा. विल्माचं पत्र आलं तेव्हा मी दाढी करत होतो, वाचता वाचता गाल कापून घेतला. माझी धाकटी बहीण एवढं टापटिपीचं अक्षर काढते म्हणजे स्वारी भलतीच खुशीत असणार. सायप्रस वेल्स कॉलेजचा साहाय्यक फुटबॉल कोच! कॉलेज चिमुकलं आहे, मैदानात गुरं चरतात असं ऐकतो, पण शाळेतून कॉलेजात जाणं हीच खरी उडी. पुढे नुसत्या पायऱ्या चढायच्या. मी मात्र इथेच शाळेच्या पोरांना बुटाच्या नाड्या बांधायला शिकवत म्हातारा होणार.

गावात अशी बोलवा आहे की तू भर सामन्यात स्वतःच्याच संघातल्या एका पोराचं नाक फोडलंस, आणि ते बघून सायप्रसवाल्यांनी तुला तिथल्या तिथे नोकरी दिली. खरं असेल तर आपला कोच टॉलिव्हर म्हातारा थडग्यात खूश झाला असेल. आठवतं ना त्याचं रिंगण? मधे एकटा गडी, भोवती सगळा संघ, म्हातारा ज्याचं नाव घेईल त्याने कुठूनही येऊन धडकायचं आणि मधल्याने पडायचं नाही. पाण्याचा थेंब नाही, वर त्या मिठाच्या गोळ्या. अर्धा संघ कुंपणावरून उड्या टाकून पळाला. आपण दोघं राहिलो. तुझा अर्धा कान तिथल्या मातीत गेला आणि माझे पुढचे दात. अजून मला पाव दाढेनेच तोडावा लागतो, पण बिअरच्या दुकानात कोणी विचारलं की छाती फुगवून सांगतो.

आमचा युजीन अकरा वर्षांचा झाला. शाळेतून आला की गॅरेजच्या दाराला खांद्याने धडका देत बसतो. आल्बिना ओरडते, आईच ती, दार मोडेल म्हणून. मी म्हणतो मोडू दे, नवं बसवू. पोरगा तुझ्यासाठीच वाढवतोय रे.

तुझा
एमिल


कॅडो टीचर्स कॉलेज
१९ नोव्हेंबर १९५९

एमिल,

बस आधी. सायप्रस सोडून कॅडोत आलो ते फळलं, हेड कोच झालो.

कसा झालो ते विल्मा सांगणार नाही, तिला ते आवडलेलं नाही, म्हणून माझ्याकडूनच ऐक. हंगामातला शेवटचा सामना, मध्यंतराला आम्ही मागे. आमचे हेड कोच पर्व्हिस पोरांना गुडघ्यावर बसवून प्रार्थना म्हणत होते. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यात आडदांड पोराला गळपट्टीला धरून उभं केलं. त्याच्या डोक्यावर हेल्मेट, माझं डोकं उघडं. त्याच हेल्मेटवर मी तीनदा डोकं आपटलं. कपाळ फुटून रक्त डोळ्यांत उतरलं, पोरांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. मग ती बाहेर गेली आणि समोरच्या संघातला चेंडू फेकणारा पोरगा पहिल्या पाच मिनिटांत स्ट्रेचरवरून गेला. त्याच्या पायाचं हाड मोडल्याचा आवाज मला कडेला उभं राहून ऐकू आला. जिंकलो.

कॉलेजचे अध्यक्ष हात मिळवायला आले. त्यांच्या पांढऱ्या बाहीला माझं रक्त लागलं आणि ते त्या डागाकडे कौतुकाने बघत राहिले. पंधरवड्यात पर्व्हिसांना नारळ मिळाला आणि मला त्यांची खोली. ज्या माणसाने मला काम शिकवलं, ज्याच्या घरी आम्ही दर रविवारी जेवलो, त्याचं सामान गाडीत ठेवायला मीच हात लावला. म्हणाले, कॉय, तुझ्या वेळेला खोका धरायला कोणी आला तर नशीब समज. मी हसलो.

आता मला तुझ्याकडची पोरं पाठव. तुझ्या त्या चेक शेतकऱ्यांची, जाड मानेची, तक्रार न करणारी.

कॉय


वेसेली
१२ जानेवारी १९६३

अरे बैलोबा,

विद्यापीठ! चर्च सुटल्यावर फादरनी जाहीर केलं, आपल्या एमिल यानाकांचा जावई विद्यापीठाचा कोच झाला. लोक माझेच हात दाबत होते, जसं काही मीच झालोय. आल्बिनाने खसखशीचे कोलाचे, तुला आवडतात ते गोड पाव, केलेत, पार्सल वेगळं येतंय. विल्माने लपवून ठेवले नाहीत तर तुला मिळतील.

आता कामाचं. युजीनचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष. नोव्हेंबरच्या सामन्यात त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला कडेला उभं राहून कळलं होतं, कारण त्याचा डावा हात नुसता लोंबत होता. मी त्याला बाहेर काढलं नाही आणि त्यानेही मागितलं नाही. ओकला, तोंड पुसलं, आणि उरलेला सगळा खेळ एका खांद्यावर खेळला. घरी आल्यावर आल्बिना चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मागच्या दारी जाऊन रडलो, खोटं कशाला सांगू, अभिमानाने रडलो.

वजनाला कमी आहे हे मला दिसतं. पायही फार चपळ नाहीत. पण मागे हटणं त्याला माहीत नाही. तुला योग्य वाटला तर शिष्यवृत्ती देऊन घे. कमी पडतो असं वाटलं तर सरळ नाही म्हण, आपल्यात कसला आलाय संकोच.

एमिल


विद्यापीठ
९ फेब्रुवारी १९६३

एमिल,

पोराला घेतला. कागद पाठवतोय, सही करून धाड. नात्यासाठी घेतलेला नाही, मी भिडेला बळी पडणारा माणूस नव्हे, हे तुला माहीत आहे. पहिलं वर्ष नवशिक्यांच्या संघात काढेल, पुढचं पुढे बघू. विल्मा आत्तापासून त्याच्यासाठी पडदे शिवायला लागली आहे. मी तिला म्हटलं, कोचच्या घरी राहायला येत नाहीये तो, पोरांच्या खोल्यांत राहील. आणि मैदानावर मला काका म्हणायचं नाही, कोच म्हणायचं. हे तूच त्याला समजावून सांग.

कॉय


विद्यापीठ
२० ऑगस्ट १९६४

एमिल,

गेल्या हंगामात दोनच सामने जिंकलो, हे तू वाचलंच असशील. अध्यक्षांनी मला जेवायला बोलावलं आणि शेवटी कॉफी ढवळत म्हणाले की यंदा असं झालं तर पुन्हा बोलावणार नाहीत. आधीच्या कोचने भरून ठेवलेली मऊ पोरं माझ्या छातीवर बसली आहेत. नियम तुला ठाऊक आहे, दिलेली शिष्यवृत्ती मला काढून घेता येत नाही, पोराने आपण होऊन सोडली तरच जागा मोकळी होते. आणि जागा मोकळ्या झाल्याशिवाय नवी पोरं घेता येत नाहीत. तेव्हा टॉलिव्हरने केलं तेच. मैदानाभोवती उंच फळ्या ठोकून घेतल्या, पेपरवाले बघायला नकोत. एकच दार ठेवलंय आणि ते कायम उघडं. पोरं त्याला आत्ताच कोंडवाडा म्हणायला लागलीत. एक सप्टेंबरला सुरुवात.

युजीन गुणी आहे. त्याचे मास्तर त्याची तारीफ करतात, गुरांच्या डॉक्टरीकडे त्याचा ओढा आहे. डोकं आहे रे पोराला. फुटबॉल काही सगळ्यांना जन्मभर पुरत नाही. तुझ्याकडे शेत आहे, गुरं आहेत, गावाजवळ कॉलेज आहे. तू बाप आहेस, तुला जास्त कळतं.

कॉय


वेसेली
२६ ऑगस्ट १९६४

दाजीसाहेब,

पत्र वाचून मी आणि आल्बिना पोट धरून हसलो. म्हणजे मी हसलो, ती भांडी घासत होती. गुरांची डॉक्टरी म्हणे! लेका, मला काय नवखा समजलास? टॉलिव्हर माझ्या बापाला असंच लिहायचा, पोरगा हुशार आहे, घरी घेऊन जा. बाप कच खातो की नाही ते बघायचा. माझ्या बापाने कच खाल्ली नव्हती आणि मीही खाणार नाही.

आपला म्हणून त्याला सवलत देतोस असं कोणी म्हणता कामा नये. इतरांना एक तर त्याला दोन घाल. उभा राहील. माझा आहे तो.

एमिल


विद्यापीठ
४ सप्टेंबर १९६४

एमिल,

आज चौथा दिवस. पहिल्या दिवशी दुपार व्हायच्या आत पोरं दारातून जायला लागली, आता निम्मी गेली. इथे अंगाची लाही होते आहे, जमिनीवर हात टेकवत नाही. काल एका पोराचा गुडघा उलटा फिरला, त्याला बाजूला ओढून तिथेच पुढचं रिंगण लावलं. एकाने माझ्या तोंडावर थुंकून हेल्मेट फेकलं, त्याला मी दोन ठोसे दिले, तिसरा त्याने मला दिला. भला पोरगा, राहिला असता तर बरं झालं असतं. राहतात ती भलतीच.

युजीन अजून आहे. मी त्याला दिवसाला तीन-चारदा मधे उभा करतो. सगळ्यात जड पोरांची नावं घेतो. कालपासून त्याचा एक डोळा मिटलेला आहे. मी दाराकडे बोट दाखवतो, तो मान हलवतो. मी तुला त्याच्या डॉक्टरीबद्दल लिहिलं होतं ते पुन्हा एकदा वाच.

कॉय

ता.क. दादा, मी विल्मा. हा पत्र टाकायला माझ्याकडे देऊन गेला म्हणून खाली लिहिते आहे. ये आणि पोराला घेऊन जा. काल त्याला सूप द्यायला गेले तर त्याच्याच्याने चमचा तोंडापर्यंत नेववेना, मी भरवलं. लघवीतून रक्त जातं म्हणाला आणि वर म्हणाला, आत्या, बाबांना सांगू नकोस. कॉयला तो जायला हवाय, पण हे याच्या तोंडून निघणार नाही. तू ये.


वेसेली
७ सप्टेंबर १९६४

कॉय,

काल दुपारी युजीनचा फोन आला. पैसे टाकून बाहेरून केलेला. म्हणाला, बाबा, मी घरी येऊ का? मला एकदम टॉलिव्हरचं कुंपण आठवलं. मीही एका रात्री त्याच्यावर एक पाय टाकला होता आणि तूच मला खाली ओढलं होतंस. तुझे उपकार मी विसरलेलो नाही. म्हणून काल मी तुझं काम केलं. सांगितलं त्याला, मैदान सोडून येणार असशील तर या घराचं दार तुला बंद आहे. तो म्हणाला, बरं. झालं, विषय संपला. आता बघ कसा उभा राहतो.

विल्माला म्हणावं, लघवीतून रक्त माझ्याही गेलं होतं. बायकांनी सूप द्यावं, सल्ला देऊ नये. तिला बरं वाटावं म्हणून पहिल्या सामन्याला आम्ही दोघं येतो आहोत. कोलाचे आणतो.

एमिल


विद्यापीठ
२० ऑक्टोबर १९६४

एमिल,

जबडा तारांनी बांधलेला आहे, नळीने दूध पितो. बोलता येत नाही म्हणून लिहितोय असं समज. दफनाच्या दिवशी तू मला मारत होतास तेव्हा तुझ्या चर्चची माणसं तुला ओढायला आली, मी त्यांना हातानेच थांबा म्हणालो. तू थकेपर्यंत मी पडलो नाही. तुला वाटलं असेल मी मस्ती दाखवतोय. मला पडायचंच होतं, पण पाय ऐकेनात. टॉलिव्हरने भिनवलेलं ते तसंच आहे.

त्या दिवशी काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलेलं नाही. विद्यापीठाच्या वकिलाने तोंडाला कुलूप घातलंय. मी सांगतो.

बुधवार, दुपारचा सराव. मी ठरवूनच आलो होतो की आज याला घालवायचा. पोरगा कमी पडत होता, एमिल. पहिल्या दिवसापासून कमी पडत होता. तू मला नाही म्हणायची मोकळीक दिली होतीस आणि माझ्याच्याने म्हणवलं नाही, कारण तू माझा मित्र, आणि तू मागच्या दारी रडलास हे तूच लिहिलं होतंस. म्हणून वाटलं, त्याला मैदानच सांगेल.

त्याला मधे उभा केला आणि एकामागून एक नावं घेत गेलो. तो पडायचा, उठायचा. मग त्याच्या अंगावरचा घाम थांबला. कातडी कोरडी आणि लालभडक. ही उष्माघाताची खूण, ते मला आज कळतं, डॉक्टरने सांगितलं म्हणून. तेव्हा मला वाटलं, पोराच्या अंगात नवा जोर आला. तो हसायला लागला, गोल गोल फिरायला लागला आणि मला काका म्हणाला. मैदानावर पहिल्यांदाच. मला वाटलं आला वठणीवर, आता जाईल. मी जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "युजीन, दार उघडं आहे. जा घरी."

तो म्हणाला, "मला घर नाहीये, काका."

मला अर्थ लागला नाही. तुझं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. मी परत आपल्या जागी गेलो आणि पुढचं नाव घेतलं. तो पोरगा येऊन धडकला, युजीन खाली गेला, आणि मी त्याला बुटाने डिवचून ऊठ म्हणालो. चारदा म्हणालो. चौथ्यांदा डिवचल्यावर त्याचं डोकं नुसतंच कलंडलं. हॉस्पिटलात त्याला बर्फात ठेवलं होतं, पण त्याने पुन्हा डोळे उघडले नाहीत. पाण्याचं पिंप फळ्यांच्या पलीकडे होतं. माळ्याचं, गवतासाठी.

हे लिहून तुला दुखवायचं नव्हतं. होतंही कदाचित.

कॉय


वेसेली
२ नोव्हेंबर १९६४

कॉय,

पत्र मिळालं. आल्बिनाने मोठ्याने वाचायला लावलं. घर नाहीये ही ओळ माझ्याच्याने वाचवेना, तिने कागद ओढून घेतला आणि स्वतः वाचली. मग माझ्याकडे बघितलं. आता ती माझ्याशी कधी बोलेल असं वाटत नाही.

मी बाहेर गेलो, कुऱ्हाड घेतली आणि घराचं पुढचं दार फोडलं. बिजागऱ्यांसकट. फळ्यांचे तुकडे करून जाळले. सरपण संपल्यावर गॅरेजचं दार घेतलं. त्याच्यावर त्याच्या खांद्याएवढा खळगा होता, तेवढा तुकडा मात्र जाळता आला नाही. शेजारी बंदूक काढून घ्यायला आले, कारण मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. खरंच निघालो होतो. गाडीत बसलो, किल्ली फिरवली आणि मग वाटलं, तुला मारल्यावर दुसरी गोळी कोणासाठी ठेवायची ते आधीच ठरलेलं आहे, तर इतक्या लांब कशाला जायचं. बंदूक दिली त्यांना.

घराला अजून दार नाही. थंडी सरळ आत येते. विल्मा इथे आली आहे, ती परत येणार नाही.

एमिल


विद्यापीठ
११ जानेवारी १९६५

एमिल,

उत्तर देऊ नकोस, वाच फक्त. आम्ही एक सोडून सगळे सामने जिंकलो. राहिलेल्या त्या पोरांसारखी पोरं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत, समोरच्यांची हाडं मोडत गेली. बाहीवर युजीनचं नाव शिवून खेळली. शेवटच्या दिवशी मला खांद्यावर उचललं. अध्यक्ष भाषणात म्हणाले की मुलाने संघासाठी प्राण दिले. लोक उभे राहिले. मीही राहिलो.

आता पूर्वेकडच्या एका मोठ्या विद्यापीठाचं बोलावणं आलंय. यापेक्षा वरची पायरी या धंद्यात नाही. त्यांचा माणूस म्हणाला, ज्या कोचच्या मैदानावर पोरं मरेपर्यंत उभी राहतात, तोच आम्हाला हवाय. हे त्याने स्तुती म्हणून सांगितलं. मी सही न करता थोड्या दिवसांनी कळवतो म्हणालो.

तू जाऊ नकोस म्हणालास तर जाणार नाही. पुढे कुठेच कोच राहणार नाही. उत्तर नको म्हणालो होतो, पण एवढा एकच शब्द लिही.

कॉय


वेसेली
१९ ऑगस्ट १९६५

कॉय,

तुझ्या नव्या पत्त्यावर लिहितो आहे. माझ्या शब्दाची फार वाट पाहिली नाहीस, आठवड्यातच पेपरात तुझा फोटो आला. त्याबद्दल राग नाही. मी लिहिला असता तरी तू गेला असतास, आणि मला लिहायचा काय अधिकार होता? मीही शाळेत तेच काम करतो आहे. दुसरं काही येत नाही मला.

पण एक केलं. काल हंगामाचा पहिला सराव. मी मैदानाच्या मधोमध पाण्याचं मोठं पिंप आणून ठेवलं, बर्फ टाकला, पाच पेले ठेवले. पोरांना जमवून सांगितलं, ज्याला जेव्हा तहान लागेल तेव्हा त्याने प्यायचं, विचारायचं नाही.

कोणी हललं नाही. ऊन तर असं होतं की डोळे उघडवेनात. पोरं पिंपाला वळसा घालून पळायची. मला वाटलं लाजतायत, म्हणून मी सगळ्यांसमोर पेलाभर प्यायलो. ती एकमेकांकडे बघून हसली, म्हातारा परीक्षा घेतोय. आपल्या टॉलिव्हरच्या वेळच्या सगळ्या गोष्टी मीच त्यांना सांगितल्या आहेत ना इतकी वर्षं, रिंगण, कुंपण, मिठाच्या गोळ्या, सगळं छाती फुगवून.

आमच्या गावातल्या कुबेनाचा धाकटा पोरगा आहे, सोळा वर्षांचा, युजीनच्याच खांद्यांचा. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं पी. तो म्हणाला, मी ठीक आहे, कोच. मी दुसऱ्यांदा म्हटलं. त्याने छाती पुढे काढली. मग माझं भान सुटलं. मी त्याची मानगूट धरली आणि त्याचं डोकं पिंपात दाबलं. तो हातपाय झाडत होता आणि मी वरून ओरडत होतो, पी, पी म्हणतो ना. किती वेळ धरलं माहीत नाही. दोघांनी मला मागे ओढलं.

तो वर आला, खोकला, नाकातोंडातून पाणी गेलं होतं. डोळे लाल. आणि माझ्याकडे बघून त्याने हसून तोंड पुसलं.

"एक थेंबही गिळला नाही, कोच," म्हणाला.

बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

एमिल